उंबरठ्यावरची घेरी : झोपेच्या व मनाच्या औषधांविषयीच्या प्रकल्प नोंदी

१३ मे २०२४

औसा तालुक्यात तेरणा नदीच्या काठच्या चार गावांत आजपासून कामाला सुरुवात केली. पासष्ट वर्षांवरील ज्या व्यक्ती झोपेसाठी, चिंतेसाठी, नैराश्यासाठी किंवा अन्य मानसिक आजारासाठी औषध घेतात, त्यांच्या घरी जाऊन औषधे पाहायची, गेल्या वर्षभरात त्या पडल्या का हे विचारायचे आणि जे आढळेल ते आठवड्याच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात आमच्या डॉक्टरांपुढे ठेवायचे, एवढा या प्रकल्पाचा आवाका आहे. माझे शिक्षण औषधनिर्माणशास्त्राचे आहे. औषध सुरू करण्याचा, बंद करण्याचा किंवा मात्रा बदलण्याचा अधिकार माझा नाही, ही मर्यादा वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवत आहे.

हे काम मनात आले ते गेल्या हिवाळ्यात. आमच्याकडे नेमाने येणाऱ्या ७२ वर्षांच्या एक आजी पहाटे न्हाणीत पडल्या, खुब्याचे हाड मोडले, आणि अंथरुणाला खिळून अडीच महिन्यांत त्या गेल्या. घरच्यांनी ‘वय झालं होतं’ एवढेच म्हटले आणि आम्हीही ते मान्य केले. पुढे भेटायला गेले तेव्हा त्यांच्या सुनेने उरलेली औषधे परत घेता येतील का म्हणून पिशवी माझ्या हाती दिली. तीत झोपेची डायझेपाम, पायांच्या आगीसाठी अमिट्रिप्टिलिन, रक्तदाबाच्या दोन गोळ्या आणि खोकल्याचे गुंगी आणणारे एक औषध निघाले. ही पाचही औषधे त्या एकाच वेळी, रात्री जेवणानंतर घेत होत्या. ती पिशवी मी त्यांच्या हयातीत एकदाही उघडून पाहिली नव्हती.

१६ मे २०२४

‘गेल्या वर्षात तुम्ही पडलात का?’ हा प्रश्न चालत नाही, हे तीन दिवसांतच कळले. उत्तर ‘नाही’ असेच येते. पडणे म्हणजे हाड मोडणे किंवा दवाखान्यात जावे लागणे असा लोकांचा समज आहे, शिवाय पडल्याचे कबूल केले की मुले शेतात किंवा देवळात एकटे जाऊ देणार नाहीत ही धास्ती असते. एका आजोबांनी ठामपणे नकार दिला आणि लगेच पुढे म्हणाले, “पडलो न्हाई बाई, घेरी आली अन् खाली बसलो. मग पोरानं उठिवलं.” जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे माणूस नकळत जमिनीवर किंवा कोणत्याही खालच्या पातळीवर येऊन टेकला की ते पडणेच होय. म्हणून आता आशाताईंशी, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांशी, बोलून प्रश्न बदलला आहे. घेरी आली का, तोल गेला का, पाय घसरला का, भिंतीचा आधार घ्यावा लागला का, बसकण घेतली का आणि उठताना कोणाला हाक मारावी लागली का, असे सुटे सुटे विचारायचे ठरले.

२१ मे २०२४

आज दिवसभर औषधांच्या पिशव्या पाहिल्या. कोणाकडे साडीच्या दुकानाची कापडी पिशवी, कोणाकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आतले सगळे ओट्यावर ओतायचे, चालू औषधे आणि संपलेल्या पट्ट्या वेगळ्या करायच्या आणि प्रत्येक चालू गोळीविषयी तीन गोष्टी विचारायच्या : ही कधी सुरू झाली, कशासाठी सुरू झाली आणि अजून का चालू आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा अंदाजाने मिळते. दुसऱ्याला ‘टेन्शनची’, ‘नसांची’, ‘झोपेची बारकी’ असे गोळीचे टोपणनाव मिळते. तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक घरांत सगळे एकमेकांकडे पाहतात.

टोपणनावांमागे काय दडलेले असते ते नोंदवणे आवश्यक आहे. ‘टेन्शनची गोळी’ म्हणून चालणाऱ्या एका गोळीत नैराश्याचे एस्सिटालोप्राम आणि डायझेपामच्याच कुळातील क्लोनाझेपाम अशी दोन औषधे एकत्र होती, तर ‘नसांच्या’ दुसऱ्या गोळीत त्याच कुळातील क्लोरडायझेपॉक्साइड आणि अमिट्रिप्टिलिन. घरच्यांच्या हिशेबी ती एक गोळी असते. मेंदूच्या हिशेबी दोन. त्यावर झोप येत नाही म्हणून आणखी एक, त्याच कुळातील अल्प्राझोलाम दुसऱ्याच दवाखान्यातून आलेली असेल, तर एकाच प्रकारची दोन औषधे पोटात जातात आणि याचा पत्ता ना रुग्णाला असतो ना डॉक्टरांना, कारण दोन्ही चिठ्ठ्या कधी एका टेबलावर आलेल्याच नसतात.

किल्लारीजवळच्या पुनर्वसित गावातील ७४ वर्षांच्या एका आजींची कहाणी सविस्तर लिहिते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास भूकंप झाला, तेव्हा त्यांचे वय ४३ होते. घरातील दोन माणसे दगडमातीच्या घराखाली गेली. पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना झोप उडाली म्हणून कोणीतरी डायझेपामची ५ मिलिग्रॅमची गोळी दिली आणि ती त्या वेळी योग्यच होती. पुढे शेड गेले, पक्के घर मिळाले, मुले मोठी झाली, नातवंडे आली. गोळीच्या कंपन्या आणि पट्टीचे रंग बदलत राहिले, गोळी मात्र चालू राहिली. आज तिला एकतीस वर्षे होत आली. गेल्या वर्षात आजी तीनदा पडल्या आहेत, दोनदा उंबरठ्यावर आणि एकदा मोरीजवळ, तिन्ही वेळा पहाटे.

गोळी तीच असली तरी ती घेणारे शरीर तेच राहिलेले नाही. डायझेपाम चरबीत विरघळते. वयाबरोबर शरीरात स्नायू व पाणी कमी होते, चरबीचा वाटा वाढतो आणि यकृताची गतीही मंदावते. तरुणपणी निम्मे औषध उतरायला एक-दोन दिवस पुरत असतील, तर या वयात तीन दिवसांहून अधिक लागू शकतात, आणि यकृतात डायझेपामपासून तयार होणारा पदार्थही गुंगीकारक असून तो त्याहून अधिक काळ रेंगाळतो. म्हणजे आज रात्रीची गोळी पोटात जाते तेव्हा काल, परवा आणि त्याच्या आधीच्या रात्रीची गोळीही अंगात शिल्लक असते. तोल जाताना पाय झटकन पुढे टाकून सावरण्याची जी क्रिया आपण विचार न करता करतो, ती नेमकी या शिलकीमुळे मंदावते. आजी म्हणाल्या, “पाय उचलतो बाई मी, पण तो उंबऱ्याच्या वर येतच न्हाई.” माझ्या पाठ्यपुस्तकात हे इतक्या स्पष्टपणे लिहिलेले मी वाचले नव्हते.

२८ मे २०२४

तापमान ४० अंशांच्या वर आहे आणि दोन गावांना टँकरचे पाणी येते. आज उभे राहिल्यावर रक्तदाब किती उतरतो हे मोजले. पद्धत साधी आहे : पाच मिनिटे बाजेवर आडवे झोपवायचे, रक्तदाब घ्यायचा, मग उभे करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो उभे राहिल्याने घटणारा रक्तदाब समजतात.

स्मृतिभ्रंश असलेल्या ७८ वर्षांच्या एका आबांचा रक्तदाब झोपून १३८/८२ होता, एका मिनिटाने ११०/७० आणि तीन मिनिटांनी १०६/६८. त्यांना काहीच जाणवले नाही. ते ‘बरं हाय’ म्हणाले आणि बोलता बोलता खांबाला टेकले. रात्रीचा आरडाओरडा थांबावा म्हणून त्यांना क्वेटियापिन हे मनोविकारविरोधी औषध सुरू आहे, लघवी साफ व्हावी म्हणून टॅमसुलोसिन आणि शिवाय रक्तदाबाची गोळी. रक्तवाहिन्यांवर अल्फा-१ नावाचे ग्राहक, म्हणजे शरीराचे संदेश टिपणारे बिंदू, असतात. आपण उभे राहिलो की त्यांच्यामुळे वाहिन्या आवळल्या जातात आणि रक्त पायांत न साचता डोक्याकडे पोहोचते. क्वेटियापिन हे काम अडवते आणि टॅमसुलोसिनही काही प्रमाणात तेच करते. एक औषध मनाचे आणि दुसरे लघवीचे असल्यामुळे दोन वेगळ्या डॉक्टरांनी दिली होती, आणि दोघांनीही आपापल्या जागी योग्यच विचार केला होता.

त्यांच्या सूनबाईंनी सांगितलेली गोष्ट मला आकड्यांहून महत्त्वाची वाटली. आबांना रात्री उठावे लागू नये म्हणून दुपारी चारनंतर त्या त्यांना पाणी देत नाहीत. हेतू काळजीचाच आहे, पण या उन्हात त्यामुळे शरीरातील पाणी आणखी घटते आणि पहाटे उठताना रक्तदाब आणखी उतरतो. सकाळपासून दुपारपर्यंत पाणी वाढवावे, संध्याकाळी थोडेच द्यावे पण अगदी बंद करू नये, आणि उठताना आधी बाजेच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटे बसवावे, असे सांगितले. औषधांचा प्रश्न डॉक्टरांकडे दिला. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत या गटातील औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ मध्येच दिलेला आहे, तेव्हा ही गोळी पुढे किती दिवस चालवायची याची तारीख चिठ्ठीवर असायला हवी.

७ जून २०२४

ही नोंद माझ्या चुकीची आहे. २१ मे रोजी भूकंपातून वाचलेल्या आजींच्या घरी मी डायझेपाम आणि पडणे यांचा संबंध समजावून सांगितला. शेवटी ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका’ असे म्हणाले होते, पण ते पायऱ्या उतरता उतरता. त्यांच्या मुलाने त्याच रात्री पट्टी शेणखताच्या उकिरड्यात टाकली. पहिले चार-पाच दिवस काही झाले नाही आणि घरच्यांना वाटले, सुटली गोळी. मग हातापायांना कंप सुटला, घाम येऊ लागला, झोप पूर्ण उडाली. आजी रात्री दोन वाजता अंगणात येरझारा घालू लागल्या आणि आठव्या दिवशी भिंत हलते आहे म्हणून ओरडत बाहेर पळताना पायरीवरून पडल्या. कोपर सोलले, हाड वाचले. मला हे ३ जूनला आशाताईंकडून कळले.

औषध अंगात रेंगाळत असल्यामुळे ते तोडल्याचा त्रासही उशिरा येतो, हे मला माहीत होते. इतक्या वर्षांनंतर ते एकाएकी तोडले तर झटकेही येऊ शकतात, हेही माहीत होते. ज्ञान होते, पण ते मी चुकीच्या क्रमाने सांगितले : भीती आधी आणि सावधगिरी मागून. त्या मुलाने जे केले ते आईवरच्या मायेनेच केले. डॉक्टरांनी गोळी पूर्ववत सुरू केली आणि आजींना स्थिर होऊ देऊन मगच ती हळूहळू उतरवायची असे ठरवले.

आजपासून कोणत्याही घरात शिरल्यावर माझे पहिले वाक्य हे राहील : ‘आज कोणतीही गोळी बंद करायची नाही.’ बाकीचे सगळे त्यानंतर.

१८ जून २०२४

पेरणीची धांदल असल्याने घरे बंद. वाचनाला वेळ मिळाला.

येल विद्यापीठाच्या मेरी टिनेटी यांच्या १९८८ च्या अभ्यासात घरी राहणाऱ्या पंचाहत्तरीपुढच्या व्यक्तींपैकी सुमारे एक तृतीयांश वर्षभरात किमान एकदा पडल्या आणि पडण्याशी सर्वांत घट्ट नाते झोपेच्या व गुंगीच्या औषधांचे निघाले. अमेरिकेत मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांसाठी टाळण्याजोग्या औषधांची जी यादी सुरू केली, तिची २०२३ ची आवृत्ती सांगते की पूर्वी पडलेल्या व्यक्तीत झोपेच्या गोळ्या, नैराश्याची औषधे, मनोविकारविरोधी औषधे, फिटची औषधे व अफूवर्गीय वेदनाशामके शक्यतो टाळावीत आणि मेंदूवर काम करणारी तीन किंवा अधिक औषधे एकत्र देऊ नयेत. गेल्या हिवाळ्यातील आजींच्या पिशवीत अशी तीन होती.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो न्यूझीलंडमधील कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांचा १९९९ चा प्रयोग. त्यांनी ९३ ज्येष्ठांपैकी काहींची मनाची व झोपेची औषधे चौदा आठवड्यांत, रुग्णाला न जाणवेल अशा रीतीने उतरवत नेली आणि त्या गटातील पडण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांनी घटले. एवढा परिणाम पडणे टाळण्याच्या फार थोड्या उपायांनी साधलेला आहे. पण प्रयोग संपल्यावर महिन्याभरातच औषध सोडलेल्या १७ पैकी ८ जणांनी ते पुन्हा सुरू केले. हा दुसरा आकडा मी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहिला आहे. गोळी उतरवणे हे अर्धेच काम आहे. गोळी ज्या रात्रीसाठी होती ती रात्र तशीच उरते.

क्युबेकमधील २०१४ चा एक प्रयोग मात्र धीर देणारा आहे. तेथे झोपेच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्या ज्येष्ठांना फक्त एक माहितीपुस्तिका दिली, जीत धोके, स्वतःला तपासण्याचे प्रश्न आणि गोळी टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा तक्ता होता. सहा महिन्यांनी २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली होती; पुस्तिका न मिळालेल्या गटात ५ टक्के. आपल्याकडे असा तक्ता अक्षरांऐवजी चित्रांत करता येईल : पूर्ण गोळी, पाऊण, अर्धी, पाव, जशा चंद्राच्या कला.

५ जुलै २०२४

माझ्या मनात या औषधांविषयी जो राग साचत चालला होता, तो आजच्या रुग्णामुळे उतरला. ६८ वर्षांच्या या आजींच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी आत्महत्या केली. शेतकरी कुटुंबातील मानसिक ताण ओळखून समुपदेशन करण्यासाठी शासनाने मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत २०१५ पासून ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्याच्याच मार्फत त्या आमच्यापर्यंत आल्या. अन्न सोडले होते, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असत. मेच्या अखेरीस एस्सिटालोप्राम सुरू झाले. तिसऱ्या आठवड्यात त्या जेवू लागल्या आणि त्याच आठवड्यात झिंगल्यासारख्या चालू लागल्या, दोनदा पडल्या. घरच्यांनी नैराश्याच्या गोळीला दोष दिला. ते अर्धे खरे होते.

या गटातील औषधांमुळे, विशेषतः वृद्ध स्त्रियांत, शरीर पाणी धरून ठेवते आणि रक्तातील सोडियम घटते. आजींच्या रक्तदाबाच्या गोळीत टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारे औषध होते आणि तेही सोडियम घटवते. किमान १३५ असायला हवे तेथे त्यांचे सोडियम १२४ निघाले. चार दिवस रुग्णालयात ठेवून लघवीचे औषध थांबवले आणि एस्सिटालोप्रामच्या जागी, सोडियमवर कमी परिणाम करणारे मिर्टाझापिन सुरू केले. ते गुंगी आणते, म्हणून रात्री अंथरुणावर बसूनच घ्यायचे आणि रात्री उठताना नातीला हाक मारायची असे ठरले.

नैराश्यावर उपचार न करणे हा पडण्यावरचा उपाय नाही. नैराश्यात माणूस जेवत नाही, हालचाल सोडतो, स्नायू गळतात, पाय फरफटत टाकतो. औषध नसतानाही असा माणूस अधिक पडतो. म्हणून अशा रुग्णाची गोळी काढून घेण्याऐवजी नवी गोळी सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत सोडियम तपासणे आणि पहिल्या महिन्यात एकटे न सोडणे, एवढे तरी आमच्या चिठ्ठीवर लिहिले जावे असा प्रस्ताव मी डॉक्टरांना दिला आहे.

१७ जुलै २०२४

आषाढी एकादशी. लिथियम, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणारे औषध, घेणारे ६६ वर्षांचे एक काका आज निर्जळी उपवास करणार होते आणि चार दिवसांपासून गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक घेत होते. या दोन्हींनी रक्तातील लिथियम वाढते; हात थरथरतात, पाय लडखडतात, बोलणे जड होते. हात आधीच थोडे थरथरत होते. रक्ततपासणीला पाठवले, वेदनाशामक थांबवायला डॉक्टरांनी फोनवर सांगितले. उपवासाचे त्यांच्या पत्नीनेच मिटवले : “इठ्ठलाला पाणी पिलेलं चालतंय.” मिठाचे ताकही घ्यायला लावले.

९ ऑगस्ट २०२४

एका शिक्षक आजोबांचे आजचे निदान आमच्या यादीच्या बाहेरचे आहे, तरी येथेच लिहिते. ते कोणतेही मानसिक औषध घेत नाहीत. त्यांच्या पत्नीची पिशवी पाहायला गेले होते. ते चहा घेऊन आले तेव्हा पावले आखूड, हात न हलणारे, चेहरा कोरा, कपबशी खडखडत होती. चार महिन्यांत तीनदा पुढच्या बाजूला पडले होते. कंपवात म्हणून गोळ्या सुरू करण्याचे बोलणे चालले होते.

मी त्यांचीही पिशवी मागितली. रोज सकाळी उपाशीपोटी ‘पित्ताची कॅप्सूल’, आठ-नऊ महिन्यांपासून. पाठीमागची बारीक अक्षरे वाचली तर पॅन्टोप्राझोलसोबत लेव्होसल्पिराइड. हे औषध जठराची गती वाढवण्यासाठी देतात, पण ते मूळचे मनोविकारविरोधी कुळातील आहे. हालचाली सुरळीत ठेवणारे मेंदूतील डोपामिन ते अडवते आणि वृद्धांत कंपवातासारखी लक्षणे आणू शकते. चक्कर येते म्हणून दिले जाणारे सिनारिझिन आणि अर्धशिशीचे फ्लुनारिझिनही हेच करू शकते. म्हणजे पडू लागलेल्या माणसाला चक्करेची गोळी मिळते आणि त्या गोळीने तो आणखी पडू लागतो. डॉक्टरांनी कॅप्सूल बदलून साधे पॅन्टोप्राझोल दिले आणि कंपवाताची गोळी तूर्त न देण्याचे ठरवले. फरक दिसायला आठवडे किंवा महिने लागतात, तेव्हा त्यांना दर महिन्याला भेटायचे आहे.

३ सप्टेंबर २०२४

दोन दिवस धो धो पाऊस. वीज नाही, अंगणात चिखल. घरांची पाहणी उरकली : शहाबादी फरशी ओली झाली की काचेसारखी होते, न्हाणीला उजेड नाही, पायात झिजलेल्या स्लीपर. तीन घरांत मुलांनी भिंतीला जस्ताचा नळ ठोकून धरायला दांडा केला. खर्च किरकोळ.

२६ सप्टेंबर २०२४

औषध दुकानदारांशी बोलणे मी टाळत होते, कारण वाद होईल असे वाटत होते. तसे झाले नाही. औषधविक्रीच्या नियमांतील, मार्च २०१४ पासून लागू असलेल्या अनुसूची एच-१ नुसार अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम यांसारखी औषधे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, आणि रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. पण गावात मुलगा रिकामी पट्टी घेऊन येतो आणि ‘मायची हीच द्या’ म्हणतो. दुकानदार त्या मायला लहानपणापासून ओळखत असतो. एक जण म्हणाले, “ताई, नाही दिली तर म्हातारी रातभर जागती, अन् सकाळी पोरगं माझ्याच दारात.” त्यांचे म्हणणे मला पटले आणि नियमही पटतो. नुसता नकार दिला तर माझ्या हातून जे झाले तेच दुकानातून होईल, एकाएकी तुटलेली गोळी. म्हणून अशा रुग्णाचे नाव आशाताईंना कळवायचे आणि पुढच्या बुधवारी त्याला आमच्या विभागात आणायचे, अशी साखळी त्यांच्याशी बोलून ठरवली. शिवाय ते आता एक प्रश्न विचारणार आहेत : ‘माय पडली का एवढ्यात?’

१ ऑक्टोबर २०२४

काल भूकंपाचा दिवस होता. जूनच्या अखेरीपासून त्या आजींची गोळी उतरवणे चालू आहे. २ मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात, त्यामुळे ५ वरून ४, मग ३, मग अडीच, मग २ असे टप्पे जमले. सर्वसाधारण शिफारस दोन आठवड्यांनी पाव हिस्सा कमी करण्याची आहे. आम्ही त्याहून सावकाश गेलो, कारण एकतीस वर्षांची सवय सोडायची आहे आणि एकदा पोळलेलो आहोत. आज १ वर जायचे होते. डॉक्टरांनी टप्पा पुढे ढकलला. तीस तारखेच्या आसपास आजी दरवर्षीच चार दिवस झोपत नाहीत, गोळी असो वा नसो.

मी काल संध्याकाळी मुद्दाम गेले. गोळी ज्या कारणासाठी सुरू झाली त्या कारणाविषयी त्यांना आजवर कोणी विचारलेलेच नव्हते, असे त्या म्हणाल्या. त्या दोन तास बोलल्या. गेलेल्या दोघांची नावे त्यांनी घेतली, ती मी येथे लिहिणार नाही. रात्री त्या पहाटेपर्यंत जाग्या होत्या, पण अंगणात न जाता बाजेवर बसून, आणि सून सोबत बसली होती.

झोपेविषयीही एक हिशेब केला. जेवण सातला, अंथरूण आठला आणि जाग दोनला. आजींना वाटते, झोप लागत नाही. पण दुपारची दीड तासाची झोप धरली तर त्या साडेसात तास झोपतात. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणायची, संध्याकाळचा चहा बंद, अंथरूण दहाला. तोवर सुनेसोबत वाती वळायच्या. गोळी कमी होण्याचे बळ मला या बदलात अधिक दिसते.

२१ नोव्हेंबर २०२४

पाय बळकट करण्याचे व्यायाम आता तीन गावांत रोज सकाळी होतात. हात न टेकता ओट्यावरून दहा वेळा उठणे, दाराची चौकट धरून टाचा उचलणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून उभे राहणे. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला लागणारा वेळ मोजतो. बारा सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका समजतात. भूकंपातून वाचलेल्या आजींना जूनमध्ये २१ सेकंद लागले होते, आज १५.

शिक्षक आजोबांचे हात चालताना पुन्हा हलू लागले आहेत. क्वेटियापिन घेणाऱ्या आबांची मात्रा निम्मी केली, टॅमसुलोसिन चालूच आहे. उभे राहिल्यावरचा उतार आता १४. मात्र ते रात्री पुन्हा ओरडू लागले आहेत आणि त्यांची सून दमली आहे. याचे समाधानकारक उत्तर अजून सापडलेले नाही. पुढच्या बुधवारी तिच्या विश्रांतीचाच विषय बैठकीत घ्यायचा आहे.

३० डिसेंबर २०२४

वेळ अमावस्या. अख्खा औसा तालुका शेतात गेला आहे, त्यामुळे घरभेटी नाहीत. मलाच आजींच्या शेतात बोलावणे आले. कडब्याची कोप, आत पांडवांची पूजा, भज्जी, आंबील. गेल्या वर्षी आजींना बैलगाडीतून आणले होते आणि त्या कोपीपासून हलल्या नव्हत्या. आज त्या नातीच्या खांद्यावर हात ठेवून बांधावरून चालत आल्या. बांध अरुंद होता आणि ज्वारीला पाणी दिलेले असल्यामुळे एका बाजूला चिखल. मी मागून चालत होते आणि सगळा वेळ त्यांच्या टाचांकडे पाहत होते. पाऊल प्रत्येक ढेकळाच्या वर उचलले जात होते.

सध्या १ मिलिग्रॅमवर आहेत, ऑगस्टनंतर पडलेल्या नाहीत. गेल्या आठवड्यात तीन रात्री झोप कमी झाली म्हणून मुलाने विचारले, पुन्हा अर्धी वाढवायची का. आजीच म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. जाग आली तर वाती वळीन.” पुढचा टप्पा १५ जानेवारीनंतर, अर्ध्या मिलिग्रॅमचा, २ ची गोळी चार भागांत नीट मोडत नाही, म्हणून गोळी कापायची डबी लातूरहून आणायची आहे.